पान ३४ वरची शेवटची ओळ : आमच्या पास्टरेट कमिटीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सचिवसाहेब आणि पास्टरेट कमिटीचे सर्व सभासद,

सप्रेम सलाम.

वर्धापनदिनाची स्मरणिका हाती आली. कागद चांगला, छपाई सुबक, जाहिरातीही बऱ्याच मिळालेल्या दिसतात. पान १२ वरच्या जुन्या फोटोत माझी आई दुसऱ्या रांगेत कडेला उभी आहे. पुरुषांची नावं खाली आहेत आणि ती 'व इतर'मध्ये आहे. ते तूर्त असो. मी लिहिते आहे ते पान ३४ बद्दल.

त्या पानावर 'जगातील पहिल्या स्त्री पाळक' अशा मथळ्याखाली नऊ ओळी आहेत आणि खाली माझं नाव आहे. मी दोन पानं दिली होती. त्याच्या नऊ ओळी झाल्या याचं मला वाईट वाटलेलं नाही. शाळेत बरीच वर्षं वार्षिक अंक मीच काढत होते, त्यामुळे कात्री मलाही चालवता येते. पण शेवटची ओळ माझी नाही. ती अशी आहे : 'पुढे चर्चमध्ये शांती नांदावी म्हणून त्यांनी नम्रपणे पाळकपद सोडले, आजच्या भगिनींनी हा आदर्श समोर ठेवावा.'

मी हे लिहिलेलं नाही, आणि असं घडलेलंही नाही.

याबद्दल दोन वेळा समक्ष बोलले. 'एका शब्दानं काय फरक पडतो, बाई?' असं उत्तर मिळालं. लेखी पत्र दिलं, ते बैठकीपुढे आलं नाही. स्मरणिका मात्र गावभर गेली, शेजारच्या मंडळ्यांत गेली, बिशपसाहेबांच्या कार्यालयातही गेली. चूक चारचौघांत झाली, तेव्हा दुरुस्तीही चारचौघांत मागते.

ज्या बाईंबद्दल ही ओळ आहे त्यांचं नाव फ्लॉरेन्स ली टिम-ओई. जन्म हाँगकाँगचा, ५ मे १९०७. टिम-ओई म्हणजे फार लाडकी. मुलगाच हवा म्हणणाऱ्या त्या काळात बापानं हौसेनं ठेवलेलं नाव. (शाळेच्या पटावर मी 'नकुशा' नावाच्या मुली पाहिलेल्या आहेत, म्हणून हे नाव मला विशेष वाटतं.) फ्लॉरेन्स हे नाव त्यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी फ्लॉरेन्स नाइटिंगेलवरून घेतलं. १९३१ साली हाँगकाँगच्या सेंट जॉन्स कॅथीड्रलमध्ये एका इंग्रज बाईंचा डीकनेसचा, म्हणजे पाळकाच्या खालच्या पायरीवरच्या सेविकेचा, दीक्षाविधी होता. चिनी मुलींपैकी कोणी या सेवेसाठी पुढे येईल का, अशी हाक त्या उपासनेत दिली गेली आणि ती या मुलीनं मनावर घेतली. कँटनच्या युनियन थिऑलॉजिकल कॉलेजात चार वर्षं शिकून, २२ मे १९४१ रोजी, बिशप रोनाल्ड हॉल यांच्या हातून त्या डीकनेस झाल्या. त्यांची नेमणूक मकाऊला होती, मॉरिसन चॅपलमध्ये.

त्याच वर्षी नाताळच्या दिवशी हाँगकाँग जपान्यांच्या हाती पडलं. मकाऊ पोर्तुगिजांचं, म्हणून तटस्थ. साहजिकच निर्वासितांचे लोंढे तिथे लोटले. खायला धान्य नाही आणि रोज माणसं मरताहेत, अशा गावात अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) मंडळीची सगळी जबाबदारी या एका बाईवर. बाप्तिस्मे, लग्नं, मयती, आजाऱ्यांच्या भेटी सगळं त्या करत होत्या. प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या संस्काराचं, काय करायचं? ते देण्याचा अधिकार पाळकाला, आणि पाळक तर समुद्रापलीकडे, जपान्यांच्या ताब्यातल्या हाँगकाँगात. तेव्हा डीकनेस असूनही त्यांना प्रभुभोजन देण्याची खास परवानगी मिळाली. दोनेक वर्षं असं चाललं.

मग बिशप हॉल यांनी विचार केला. दीक्षा नसलेल्या व्यक्तीनं वर्षानुवर्षं प्रभुभोजन देत राहणं जास्त बेशिस्तीचं, की जी बाई पाळकाचं काम करतेच आहे तिला पाळकाची दीक्षा देणं? त्यांनी दीक्षा द्यायचं ठरवलं. ली बाई जपानी ताब्यातल्या मुलखातून वाट काढत चीनच्या मोकळ्या भागात शिउहिंगला पोहोचल्या. आज त्या गावाला झाओचिंग म्हणतात. २५ जानेवारी १९४४ रोजी तिथे हॉल यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले. अँग्लिकन परिवारातली ही पहिली स्त्री पाळक. 'जगातील पहिली' नव्हे. अमेरिकेत अँटोनेट ब्राउन यांना काँग्रिगेशनल मंडळीनं १८५३ सालीच दीक्षा दिली होती. म्हणजे मथळाही चुकलाच.

२५ जानेवारी हा पौलाच्या परिवर्तनाचा सण. कमिटीतले जे बंधू दर वेळी करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय उघडून 'स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे' हे वाचून दाखवतात, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. आणि त्याच पौलानं रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणून फिबीची शिफारस केली आहे, तेही एकदा मोठ्यानं वाचावं.

बिशप हॉल काही स्त्रीमुक्तीचा झेंडा घेऊन निघालेले नव्हते. आपण हे स्त्री-पुरुष समतेच्या तत्त्वासाठी केलेलं नाही, असं त्यांनी स्वतःच कळवलं होतं. माझ्या लोकांना संस्कारांची गरज आहे आणि या बाईत पाळकपणाचं वरदान दिसतं आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. प्रेषितांच्या कृत्यांत कर्नेल्य या परजातीय शताधिपतीवर पवित्र आत्मा आधीच उतरलेला पाहून पेत्रानं मग बाप्तिस्म्याच्या पाण्याला आडकाठी केली नाही. हॉल यांना स्वतःच्या कृतीत तेच दिसलं.

इथे मला आईचं सांगितलं पाहिजे. आई बायबलबाई होती. सात गावं तिच्याकडे होती. पायात चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत नवा करार, गीतांचं पुस्तक आणि खरजेचं मलम. बायकांना अक्षरओळख तिनं करून दिली, प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतली, बाळंतिणींजवळ रात्री काढल्या, मयत बाईला अंघोळ घातली. पण प्रभुभोजन पाळकसाहेब आल्यावरच, म्हणजे तीन-चार महिन्यांनी. एका पावसाळ्यात एक म्हातारे गृहस्थ शेवटचे दिवस मोजत होते. मला प्रभुभोजन हवंय, एवढंच ते म्हणत राहिले. आईनं निरोप धाडला. ओढ्याला पूर होता. पाळकसाहेब पोहोचले तेव्हा माती देऊन दोन दिवस झाले होते. त्यांचा काहीच दोष नव्हता. ते भिजत, सायकल खांद्यावर घेऊन आले होते. आई त्या घरात पाचही दिवस होती. तिच्या पिशवीत भाकरीही होती. त्या रात्री ती काय विचार करत होती, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारता येत नाही.

म्हणून मकाऊची हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला परकी वाटलीच नाही.

आता तुमची ओळ. युद्ध संपलं आणि इंग्लंडमधून ओरड सुरू झाली. कँटरबरीच्या आर्चबिशपांना हे मान्य नव्हतं. चीनमधल्या बिशपांनीही हॉल यांची पाठराखण केली नाही. १९४६ साली ली बाईंपुढे प्रश्न असा उभा राहिला की, एक तर तुम्ही मागे व्हा, नाहीतर तुमच्या बिशपांचं पद धोक्यात येईल. हॉल यांचं नाव खराब होऊ नये म्हणून त्यांनी पाळक म्हणून काम करण्याचा परवाना परत केला. परवाना. दीक्षा त्यांनी परत केली नाही. शिक्षकाच्या भाषेत सांगते : नेमणूक काढून घेतली म्हणून बी.एड. जात नाही. बाप्तिस्मा जसा पुसता येत नाही तशीच ही दीक्षा. हे तुम्हालाही ठाऊक आहे. आपल्या निवृत्त पाळकांना आपण आजही 'रेव्हरंड' म्हणतो ते काय उगाच? खुद्द हॉल यांनी पुढे त्यांना व्हिएतनामच्या सरहद्दीजवळच्या हेपू गावी मंडळी सांभाळायला पाठवलं, तेव्हा त्यांना पाळक म्हणूनच संबोधायचं, असा आग्रह धरला होता. तिथे त्यांनी प्रसूतिगृह काढलं, कारण जन्मलेल्या मुलींना गुदमरवून मारलं जात होतं. 'फार लाडकी' नावाची बाई हे करत होती.

तेव्हा 'पाळकपद सोडले' हे साफ चूक. 'नम्रपणे' हा शब्द त्याहून वाईट. आपले बिशप फार मोठे आणि आपण म्हणजे एक क्षुद्र किडा, अशा अर्थाचं त्यांनी पुढे सांगितलं, हे खरं आहे. बावीसाव्या स्तोत्रातलाच तो शब्द. पण त्या स्तोत्रातला माणूस स्वतःला कीटक म्हणतो तेव्हा तो छळलेला असतो, हे आपण उत्तम शुक्रवारी दर वर्षी ऐकतो. तिथे आपण त्याच्या नम्रतेचं कौतुक करत नाही. त्याला छळलं कोणी, हे विचारतो. मग या बाईच्या बाबतीत तो प्रश्न आपण का गिळला?

आणि शांती कुठली? चिनी मंडळीनं वीस वर्षांचा प्रयोग म्हणून डीकनेसना पाळकपदाची दीक्षा देऊ द्या, अशी विनंती केली, ती १९४८ च्या लँबेथ परिषदेनं, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेनं, फेटाळली. होकार मिळता तर ती वीस वर्षं १९६८ साली संपली असती. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, केनियातल्या लिमुरू इथे अँग्लिकन सल्लागार परिषदेनं बिशपांना याची मुभा दिली, ती २४ विरुद्ध २२ मतांनी. त्याच नोव्हेंबरात हाँगकाँगमध्ये जेन ह्वांग आणि जॉइस बेनेट यांना दीक्षा मिळाली. पहिलीनंतर दुसरीला सत्तावीस वर्षं लागली, तीही त्याच डायोसिसमध्ये, म्हणजे बिशपांच्या त्याच प्रांतात. ली बाई तेव्हा चीनमध्ये होत्या. १९५८ पासून चर्चची दारं बंद होत गेली. त्या शेतावर राबल्या, कारखान्यात राबल्या. सांस्कृतिक क्रांतीत आपले उपासनेचे झगे त्यांना स्वतःच्या हातानं कात्रीनं कापायला लावले. एकदा चर्चनं परवाना घेतला, एकदा राज्यानं झगा घेतला. १९७९ मध्ये चर्च पुन्हा उघडली तेव्हा बहात्तर वर्षांच्या या बाई परत सेवेला उभ्या राहिल्या. पद 'सोडलेली' व्यक्ती असं करते का?

पुढे त्या टोरांटोला राहायला गेल्या आणि तिथे पुन्हा पाळक म्हणून वेदीपाशी उभ्या राहिल्या. १९८४ मध्ये दीक्षेला चाळीस वर्षं झाली म्हणून वेस्टमिन्स्टर ॲबीत उपकारस्तुतीची उपासना झाली, आणि गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडच्या चर्चमध्ये तेव्हा एकही स्त्री पाळक होऊ शकत नव्हती. त्या २६ फेब्रुवारी १९९२ रोजी वारल्या. इंग्लंडच्या चर्चच्या जनरल सिनडनं, म्हणजे सर्वोच्च सभेनं, स्त्रियांच्या दीक्षेला मंजुरी दिली ११ नोव्हेंबर १९९२ रोजी. सामान्य सभासदांच्या सभागृहात ती अवघ्या दोन मतांनी तरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी नेमणूक जाहीर झाली. ज्या गादीवरून ली बाईंना मागे व्हायला भाग पाडलं गेलं, त्याच गादीवर. ही बातमी आपल्या सूचनाफलकावर लागली नाही. क्रिकेट स्पर्धेची लागली.

'हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं?' असंही ऐकलं. आपलं उत्तर भारताचं चर्च (सी.एन.आय.) १९७० साली नागपुरात एकत्र आलं, आणि ते अँग्लिकन परिवाराचंही सभासद आहे. शिवाय हा वाद आपल्या घरात त्याहून जुना आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात, वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांकडे झाला. पुढे त्या चेल्टनहॅमला असताना तरुण पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी खरमरीत उत्तर लिहिलं. 'माझ्या आईनं आणि मी पुरुषांना शिकवण्यावर माझ्या वडिलांनी वा नवऱ्यानं कधी आक्षेप घेतला नाही, मग यांनी का घ्यावा', अशा अर्थाचं. स्मरणिकेत पान ३० वर रमाबाईंचा फोटो पूर्ण पानभर आहे. हा प्रसंग त्याखाली नाही. फोटोला उलट बोलता येत नाही, ही सोयच आहे म्हणा.

आता मूळ दुखणं. मागच्या वर्षी महिला मंडळानं एक अर्ज दिला. आपल्या पाळकसाहेबांची बदली होईल तेव्हा डायोसिसकडे स्त्री पाळकाचं नाव सुचवावं, एवढीच विनंती. खाली ४३ सह्या आहेत, त्यांतल्या नऊ पुरुषांच्या. आपल्या चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते. दक्षिण भारताच्या चर्चमध्ये २०१३ सालीच पुष्पा ललिता बिशप झाल्या. तेव्हा आम्ही घटनेबाहेरचं काही मागितलं नव्हतं. तोंडी उत्तर मिळालं, 'मंडळीची मानसिक तयारी नाही.' कोणाची? तयारी मोजली कोणी? सह्या करणारी ४३ माणसं मंडळी नव्हेत काय? आणि त्यानंतर महिला रविवारच्या संदेशात ली टिम-ओई यांचं उदाहरण आलं, ते नम्रतेनं मागे होण्याचं. मग स्मरणिकेत ती ओळ आली, माझ्या नावानिशी. म्हणजे मी सही केलेल्या अर्जाला उत्तर माझ्याच लेखातून, माझ्याच तोंडून दिलं गेलं. हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. सवयीनं झालं असावं. सवयीनं झालेलं दुरुस्त करायला जास्त वेळ लागतो, म्हणून घाई करते आहे.

सध्याच्या पाळकसाहेबांविषयी माझी तक्रार नाही, हेही इथेच लिहिते. माझ्या आजारपणात ते दर आठवड्याला घरी आले, प्रभुभोजन घेऊन आले. ते घरी येणं म्हणजे काय असतं हे मला कळतं, म्हणूनच हे पत्र आहे.

आमच्या मागण्या :

स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींत पान ३४ वर दुरुस्तीची पट्टी लावावी, आणि ती दुरुस्ती रविवारच्या उपासनेत सूचनांच्या वेळी वाचावी. ज्यांना प्रती गेल्या त्यांना एका ओळीचं पत्र जावं.

माझी दोन पानं जशीच्या तशी सूचनाफलकावर एक महिना लावावीत. ते जमत नसेल तर त्या नऊ ओळींखालचं माझं नाव काढावं.

४३ सह्यांचा अर्ज पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. नकारच द्यायचा असेल तर जरूर द्या, पण लेखी द्या, कारणासह द्या आणि इतिवृत्तात नोंदवा. अर्ज बिशपसाहेबांकडे पाठवावा. शिफारस करायची की नाही हा तुमचा अधिकार, अडवून ठेवण्याचा नाही.

येत्या २५ जानेवारीला, किंवा त्याच्या जवळच्या रविवारी, ली टिम-ओई यांचं स्मरण उपासनेत व्हावं. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या दिनदर्शिकेत २४ जानेवारीला त्यांचं नाव आहे. आपल्याला एक रविवार जड जाऊ नये.

आणि पान १२. 'व इतर'मध्ये सात बायका आहेत. सातही बायबलबाया. त्यांची नावं, गावं आणि सेवेची वर्षं मी लिहून काढली आहेत. पुढच्या छपाईत ती फोटोखाली यावीत.

दुरुस्तीच्या पट्ट्या मी पदरच्या पैशानं छापून घेतल्या आहेत, दीडशे. मजकूर एवढाच : 'पान ३४, शेवटची ओळ रद्द. ली टिम-ओई यांनी १९४६ मध्ये परवाना परत केला; पाळकपदाची दीक्षा कायम राहिली.' सचिवसाहेबांनी वेस्ट्रीच्या (चर्चला लागून असलेल्या खोलीच्या) कपाटाची किल्ली रविवारी बरोबर आणावी. उपासना संपल्यावर मी गोंद घेऊन येते. मदतीला महिला मंडळातल्या चौघी येणार आहेत.

ख्रिस्तात आपली बहीण,
महिला मंडळाची एक सभासद, निवृत्त शिक्षिका